पाठीनं ऐकायचा सूर

भोकरदनच्या बाजारगल्लीत, खताच्या दुकानावरच्या खोलीत तातेराव मगरे बेस गिटार शिकवत. तालुक्यात हे वाद्य शिकवणारा दुसरा कोणी नव्हता, आणि खरं सांगायचं तर शिकणारेही तीनच होते. बावीस वर्षं त्यांनी भीमगीतांच्या पार्टीत बेस वाजवला. गायक पुढं उजेडात, हे मागं अंधाराच्या कडेला. पुढं कीबोर्डवाल्याचा डावा हातच बेसचं काम करू लागला. भांडण वगैरे झालं नाही. फोन यायचा थांबला, एवढंच.

मग शिकवायला खोली हवी होती, आणि खोलीच कोणी देईना. बेसचा हा खर्जातला आवाज कानाला फारसा लागत नाही, पण भिंतीतून जातो. पहिल्या घरमालकिणीच्या छातीत धडधड व्हायची. दुसऱ्याची म्हैस पान्हा सोडेना. तिसऱ्याच्या फळीवरचे डबे रांगत कडेपर्यंत यायचे. चौथ्यानं कारणही सांगितलं नाही. पाचवी खोली बद्रीनाथ शेठची.

"वाजवा हो बिलकुल," शेठ म्हणाले होते. "खताच्या गोण्यांना काय कान असतेत का?"

खोलीच्या कोपऱ्यात सिमेंटचा कॉलम होता. शिकणाऱ्याला तातेराव त्या कॉलमला पाठ टेकवून बसवत आणि स्वतः जाड तार छेडत. सूर फरशीतून कॉलममध्ये जाई आणि कॉलममधून मणक्यात चढे. "कानानं न्हाई, पाठीनं ऐक," हा त्यांचा पहिला धडा होता. तो कळला की बाकीचं बोटं आपोआप शिकतात, असं ते म्हणत.

दिवाळीनंतर शेठनं वर मजला चढवायला घेतला. गच्चीवर विटांचे ढीग लागले, वाळू चढली, पाण्याची मोठी टाकी आली. आणि खोलीतला सूर बदलला. पूर्वी जाड तारेला खिडकीची काच गुणगुणून उत्तर द्यायची. आता काच गप्प होती. उत्तर कॉलमच्या आतून येत होतं, सुपात तीळ हलवावेत तसं बारीक.

तातेराव म्हणजे गवंड्याचा पोरगा. बाप राजानंद फार बोलणारा नव्हता, पण त्यानं दोन गोष्टी नीट शिकवल्या होत्या. बोटाचं पेर वाकवून भिंत कशी ठोकायची, ही एक. दुसरी, काम ढासळायला लागलं की थापीनं रिकाम्या घमेल्यावर तीन ठोके द्यायचे, थांबायचं, परत तीन. ते ऐकलं की वरच्या माणसानं हातातलं टाकून खाली यायचं. का, ते खाली आल्यावर विचारायचं.

एका दुपारी त्यांनी कॉलम ठोकून पाहिला. कमरेच्या वर सगळा पोकळ.

त्यानंतर तीन आठवडे ते गप्प राहिले. प्लास्टर सुटलं असेल, अशी मनाची समजूत घातली. बोललो तर खोली जाणार आणि सहावी मिळणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पोरांना मात्र खोलीच्या मधोमध बसवू लागले. उजेड चांगला येतो म्हणाले.

हसनाबादहून दर रविवारी एसटीनं येणारी पायल ऐकणारी नव्हती. अकरावीतली पोर, तिघांत हात तिचाच खरा. या रविवारी तातेरावांनी ॲम्प्लिफायरची वायर लावली, तेवढ्यात ती गिटार घेऊन आपल्या जुन्या जागी सरकली आणि जाड तार छेडली.

"सर, तुमचा कॉलम आता खायलाबी लागला का?"

"म्हंजे?"

"चावल्यावानी आवाज करून राह्यला." तिनं मानेमागं हात घातला. बोटांवर करडी कणी आली. "हे बघा. कॉलरीत पडलं."

तातेरावांनी त्या बोटांकडं पाहिलं. वरून विटा टाकल्याचा आवाज आला आणि आणखी थोडी कणी पोरीच्या खांद्यावर उतरली.

"उठ," ते म्हणाले. "गिटार तिथंच टेकव. खाली चल. जल्दी."

शेठ गल्ल्यावर बसून चहा पीत होते. तातेरावांनी सांगितलं ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते जराही दचकले नाहीत.

"मला ठाव हाय," शेठ हळू आवाजात म्हणाले. "उन्हाळ्यात चीर दिसली व्हती. प्लास्टर मारून घेतलं बराबर."

"शेठ, वर माणसं हायेत."

"आठ दिवसांत स्लॅब टाकून व्हतो. मंग बघू. मास्तर, खोली तुमचीच समजा, जिंदगीभर. फक्त ही गोष्ट गल्लीत करू नका." त्यांनी कप खाली ठेवला. "अन् केलीच, तर मी म्हणीन तुमच्या धडधडीनंच कॉलम फुटला. लोकांना पटंल का न्हाई, सांगा."

पटलं असतं. चार घरमालक साक्षीला उभे राहिले असते.

तातेराव बाहेर आले. वर बायका घमेली चढवत होत्या, कोणीतरी हसत होतं. रस्त्यावर पायल उभी होती, अजून मान झटकत. कालवलेल्या मालाच्या ढिगावर एक थापी पडली होती, शेजारी पालथं घमेलं. आयुष्यभर ते दुसऱ्यांच्या मागं वाजवत आले होते. त्यांनी थापी उचलली.

तीन ठोके. थांबले. परत तीन.

वरचं हसणं बंद झालं. घमेली जिथल्या तिथं टेकल्याचा आवाज आला आणि मग जिन्यावर पावलं. तीन बायका, दोन पुरुष, शेवटी म्हातारा भागवत मिस्त्री.

"कोण वाजवलं?"

"मी. कॉलम गेलाय आतून."

"ह्यो इशारा तुम्हाला कुठं ठाव?"

"राजानंद गवंड्याचा पोरगा हाय मी."

"मंग बराबर," मिस्त्री म्हणाला आणि बायकांना रस्त्याच्या पलीकडं ढकलत घेऊन गेला. शेठ दुकानाच्या पायरीवर येऊन ओरडू लागले, "मास्तर, तुमचं सामान आत्ताच्या आत्ता खाली घ्या! आत्ताच्या आत्ता!"

"सर," पायल म्हणाली, "गिटार वर राह्यलं. कॉलमलाच टेकून. ॲम्प्लिफायर चालूच हाय."

तातेराव जिन्याकडं दोन पावलं गेले.

तेवढ्यात वरच्या खिडकीतून सूर आला. जाड तारेचा, खोल आणि लांबलचक. शेठ ओरडायचे थांबले. रस्त्यावर सगळी माणसं तातेरावांच्या हातांकडं पाहत होती. हातात थापी होती. खोलीत कोणी नव्हतं. तार कॉलमच छेडत होता.

सूर विरला नाही, वाढत गेला. तातेरावांना तो पायांतून वर चढताना कळला.

"शेठ," ते म्हणाले, "पायरीवरून खाली या."