गवत उभं, वेली आडव्या

यशवंतपूरला गाडीतून उतरलो तेव्हा नुकतं उजाडत होतं, आणि थंडी अशी की अंगातला स्वेटर असून नसल्यासारखा. संक्रांत होऊन गेली होती. आमच्या तासगावकडे या दिवसांत द्राक्षात साखर भरत असते, बाग सोडून बाहेर पडणं जिवावर येतं. तरी मी निघालो होतो, कारण माझ्या विहिरीचं पाणी खारवट झालं होतं आणि त्या पाण्यावर बाग वर्षागणिक खंगत चालली होती. खाऱ्या पाण्यातही तग धरणाऱ्या रानटी द्राक्षवेलीची रोपं बंगळुरात मिळतात, आधी ती लावायची आणि मग त्या खुंटावर आपल्या जातीचं कलम बांधायचं, ही नवलाई तेव्हा आमच्या भागात नुकतीच पोचली होती. ती रोपं आणायला मी आलो होतो.

स्टेशनबाहेरच्या हॉटेलात कॉफी मागितली. शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी ‘बाय टू?’ असं विचारलं. मी काही न समजता मान हलवली आणि माझी निम्मी कॉफी त्यांच्या पेल्यात गेली. एक कॉफी दोघांत वाटून घ्यायची ही इथली रीत. पैसे त्यांनीच दिले, वर बस कुठे मिळेल तेही दाखवलं. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे या शहराला मी बरंच काही बोलणार आहे.

बस शहराबाहेर पडली आणि दोन्ही बाजूंना गवत सुरू झालं. गिनी गवत. कोणे एके काळी चाऱ्यासाठी परदेशातून आणलेलं, आता गटारात, कुंपणात, रस्त्याच्या कडेला माणसाच्या डोक्यावर वाढलेलं. एका वळणावर मी उतरलो, रस्ता ओलांडायला पाऊल टाकलं आणि गवताआडून एक लॉरी थेट अंगावर आली. पिशवी तिथेच टाकून मी मागे उडी मारली. ड्रायव्हरने कन्नडमध्ये मला काय म्हटलं ते कळलं नाही हे बरंच झालं. वळणापलीकडचं काही दिसत नव्हतं. हे गवत काढायलाच हवं, असं मी त्याच क्षणी मनाशी म्हटलं, आणि ते मत आजही कायम आहे.

वळणाला लागूनच मानोजीरावांची नर्सरी. साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलेल्या मराठ्यांपैकी हे एक घर. घरात मराठी बोलतात, पण ती ऐकताना आपण आपल्याच भाषेत पाहुणे आहोत असं वाटतं. मागे छोटं घर, त्याला लागून जेमतेम गुंठाभर जागा, आणि खरी नर्सरी सगळी पुढे, रस्त्याकडेच्या सरकारी होंगे झाडांच्या (करंजाच्या) सावलीत. काळ्या पिशव्यांतली रोपं तिथे रांगेने मांडलेली. बंगळुरातल्या बहुतेक नर्सऱ्या अशाच रस्त्याच्या कडेला पसरलेल्या असतात. त्या सावलीतच माझी रोपंही होती, वीतभर वाढलेली, तकतकीत पानांची. दिवाळीआधी सांगून ठेवलं होतं, आणि मानोजीरावांनी एकेक काडी निवडून लावली होती.

“बसा की अण्णा,” त्यांच्या पत्नी अंबक्का म्हणाल्या. “स्वल्प (थोडं) खावा, मग बघा रोपं. ती कुटं पळून जात न्हाईत.”

ताटात मुद्दे आलं, म्हणजे नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा, आणि सोबत झणझणीत सारू (पातळ आमटी). मी घास तोंडात घेतला आणि आपल्या सवयीने चावायला लागलो. दाढा एकमेकींना चिकटल्या. अंबक्का पदर तोंडाला लावून हसत होत्या.

“चावू नका. मुद्दे चावायचं नसतंय, सारूत बुडवून गिळायचं असतंय.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझा टेम्पो यायचा होता, म्हणून रात्री मी त्यांच्याकडेच राहिलो. सकाळी मी रोपं बघत असताना पाठीवर पंप घेतलेली चार माणसं आणि त्यांचा मेस्त्री (मुकादम) वळणावर उतरली. पुढच्या आठवड्यात कुणी बडा पाहुणा या रस्त्याने एका कारखान्याच्या पायाभरणीला जाणार होता, त्याच्या आधी गवत मरायला हवं होतं. मला बरंच वाटलं. मी स्वतः बागेत तणनाशक वापरतो. फवारणी म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही.

मग वाऱ्याबरोबर वास आला. फिनेलसारखा, घशात बसणारा. तो वास ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही. मी पळत जाऊन डबा पाहिला आणि डोक्यात तिडीक गेली. टू-फोर-डी.

द्राक्षवाल्याला हे नाव सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगतो. हे औषध ज्वारीत, गव्हात, उसात मारतात. ही पिकं मुळात गवतंच आहेत, म्हणून त्यांना काही होत नाही आणि मधलं रुंद पानांचं तण तेवढं मरतं. म्हणजे गवताला धक्का न लावता बाकीचं मारायचं, यासाठीच ते आहे. आणि ते इथे गवत मारायला आणलं होतं. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, ही म्हण मी जन्मभर वापरत आलो, पण तिच्यातली पखाल त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. द्राक्षवेलीला तर या औषधाचा नुसता वारा लागला तरी पुरे.

“थांबवा,” मी हिंदीत ओरडलो. “याने गवत मरत नाही. बाजूच्या वेली मरतील.”

मेस्त्रीने डबा उचलून मला दाखवला. “तणनाशक लिहिलंय, सार. दुकानदाराने दिलंय.”

“वारा तरी बघा कुठे जातोय!”

“स्वल्प अडजस्ट माडी, सार (थोडं जमवून घ्या),” तो अगदी गोड आवाजात म्हणाला. मला त्या गोडपणाची चीड आली. एखाद्याने शिवी दिली तर उलट शिवी देता येते. जमवून घ्या म्हणणाऱ्याचं काय करायचं?

गवत डोक्याइतकं उंच, म्हणून पंपाच्या नळ्याही तितक्याच उंच धरलेल्या. फवारा गवतावरून उडून थेट होंगेच्या सावलीत येत होता. मी, मानोजीराव आणि अंबक्का पिशव्या उचलून घरामागे न्यायला लागलो. किती नेणार? अंबक्कांनी घरातल्या साड्या आणून रोपांवर टाकल्या. तोवर माणसं फवारा मारून पुढे सरकली होती. टेम्पोवाल्याला मी निरोप धाडला की आज येऊ नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहिलं. गवत दवाने न्हालेलं, ताठ उभं. आणि माझ्या रोपांचे सगळे शेंडे खाली वळलेले, देठ पिळल्यासारखे. घरामागे नेलेल्या रोपांचीही तीच गत, कारण ती नेण्याआधीच फवारा त्यांच्यावर बसला होता. मानोजीराव उकिडवे बसून एका शेंड्याला बोटाने वर धरत होते. बोट काढलं की तो पुन्हा खाली जाई.

“पाणी कमी पडलं असेल काय?” त्यांनी विचारलं. त्यांना कळलं होतं, पण माझ्या तोंडून ‘हो’ ऐकायचं होतं. मी नाही म्हणालो.

मी त्यांना जवळजवळ ओढतच रस्ते खात्याच्या कचेरीत नेलं. साहेब तरुण होता, सभ्य होता. कॉफी मागवली. मी अर्धा तास बोललो, मेजावर दोनदा हात आपटला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि आमच्याबरोबर जीपमध्ये बसून जागेवर आला. मला वाटलं, निदान माणूस पाहायला तरी आला.

त्याने आधी गवत पाहिलं. “मेलं नाही,” एवढंच म्हणाला. मग वळलेले शेंडे पाहिले. मग जीपमधून टेप मागवली. शिपायाने एक टोक रस्त्याच्या मध्यावर धरलं, दुसरं ओढत होंगेच्या झाडांपर्यंत आणलं, आणि टेप रोपांच्या रांगा ओलांडून थेट घराच्या कुंपणाला जाऊन टेकली.

“ही सगळी जागा रस्त्याची आहे,” साहेब म्हणाला. आवाज चढला नाही. “रोपं इथे नसती तर काहीच झालं नसतं. तक्रार लेखी द्यायची असेल तर द्या. मग मलाही हे लिहावं लागेल.”

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती ही. “द्या लिहून,” मी मानोजीरावांना म्हणालो. “मी साक्ष देतो.”

मानोजीरावांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. साहेबापुढे हात जोडले आणि म्हणाले, “नम्मदे तप्पु, सार (चूक आमचीच).”

साहेब जीपमध्ये बसून गेला. मी मानोजीरावांवर तोंडसुख घेतलं. तुमचे पूर्वज तलवार घेऊन आले आणि तुम्ही हात जोडता, असंही बोललो. ते पिशव्या उचलून ओळीत लावत राहिले. उत्तर दिलं ते अंबक्कांनी.

“अण्णा, तुमी रागावला, ते सरी (बरोबर). पण तुमी उद्या गाडीत बसून जाणार. आमी हितंच ऱ्हाणार. ही सावली गेली तर आमी कुटं बसायचं?”

मी म्हणालो, त्यातल्या त्यात बरी रोपं मला द्या, बघू जगतात का. त्यावर अंबक्कांनी नकारार्थी मान हलवली.

“न्हाई द्यायची. तुमच्या रानात वाकडी आली तर लोक म्हंतील, बेंगळूरच्या मराठ्यांनी फसवलं. आमच्यापाशी नावच तेवढं हाय.”

निघायच्या दिवशी बसची वाट पाहत वळणावर उभा होतो. गवत मेलं नव्हतं आणि पाहुण्याची तारीख जवळ आली होती, म्हणून मेस्त्रीने शेवटी विळे घेतलेल्या बायका आणल्या होत्या. सरासर गवत आडवं पडत होतं, वळणापलीकडचा रस्ता दिसायला लागला होता. जे विळ्याने दुपारपर्यंत झालं, ते पहिल्या दिवशीच का झालं नाही, हे विचारायला तिथे कुणी नव्हतं. बायका भारे बांधत होत्या. जनावरांना घालू नका, औषध मारलंय, असं मी मानोजीरावांकरवी सांगितलं. एकीने भारा खाली ठेवला. बाकीच्यांनी डोक्यावर घेतले.

मी रिकाम्या हाताने गावी आलो. माझी बाग आणखी एक वर्ष खारं पाणी प्यायली, पण ते दुखणं माझं मी निस्तरलं. लोक विचारतात, हे कुठं झालं, त्या माणसाचं नाव सांगा, आम्ही रोपं त्याच्याकडूनच घेऊ. प्रवासावर लिहिणाऱ्याने ठिकाणाचा नीट पत्ता द्यावा हे मलाही कळतं. पण त्या रस्त्याचं नाव मी कुठेही लिहिलेलं नाही, आणि मानोजीराव व अंबक्का ही त्यांची खरी नावं नाहीत. फवारणाऱ्याला, दुकानदाराला, साहेबाला तोंड लपवायची वेळ आली नाही. नुकसान ज्यांचं झालं, त्यांचंच नाव मला लपवावं लागतंय, कारण त्यांना उद्याही त्याच सावलीत दुकान मांडायचं आहे.