मे महिन्यातलं मीठ

"मॅडम, ह्यो माझो रिपोर्ट. आता तुमी काय करतलात?"

गुरुदासबाबांनी कागद टेबलावर आपटला. भाच्याने त्यांची ऑनलाइन जीन टेस्ट करून दिली होती. लठ्ठपणाकडे ओढणारा जीन निघाला आणि स्वारी चक्क खुशीत होती. "बापूस जाडो, आजो जाडो. रक्तातच आसा!"

मी डायटीशियन. गुरुदासबाब गोव्यातल्या हळर्ण गावचे, पाळी गावच्या खाणीवर टिपर, म्हणजे खनिजाचा ट्रक, चालवतात. कंपनीच्या डॉक्टरांनी मला फोनवर सांगितलं होतं, "पावसाळ्यात खाण बंद, तेवढीच मुदत. वजन आणि बीपी उतरलं नाही तर यांना स्टिअरिंगवर बसवणार नाही." घरात कमावते ते एकटेच.

"बाब, जीन म्हणजे उतार. उतार लागला म्हणून तुम्ही ब्रेक सोडता?"

त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली.

असा जीन असला की पोट भरल्याचं उशिरा कळतं. त्यात खारट चवीने घास पुढे सरकत राहतात. मिठात कॅलरी नसते, पण ते जेवण वाढवतं. शिवाय बीपी. म्हणून आधी मीठ कमी करायला लावलं.

पुढच्या खेपेला काटा तसूभर हलला नव्हता. "मिठाक बोट लावूक नाय!" बाबांनी शपथ घेतली. त्यांच्या पत्नी सुलभावहिनी उसळल्या, "माशाचां हुमण इतक्या अळणी करतंय, मांजरपण तोंड लावणा नाय!"

मग दिवसभराची लघवी कॅनमध्ये साठवून तपासली. खाल्लेलं बहुतेक मीठ तिथूनच बाहेर पडतं. रिपोर्टमध्ये मीठ भरपूर! मला रागच आला. दोघांपैकी कोण थापा मारतंय ते बघायला सरळ हळर्ण गाठलं.

सकाळची पेजेची वेळ होती. बाबांच्या वाडग्याशेजारी मिठात मुरवलेल्या कैऱ्या, म्हणजे तोरां.

"हे काय?"

"तोरां."

"मीठ बंद होतं ना?"

"बंदच आसा. हीं मे म्हयन्यात घातलेलीं. तुमी मीठ बंद केलात जूनात."

मी कपाळावर हात मारला. कोणीच खोटं बोलत नव्हतं. हुमण अळणी, म्हणून बाब तोरांवर ताव मारत होते. पेज संपली की तोर उरायचं, तोर संपलं की पेज, म्हणून दोन्ही पुन्हा वाढून घ्यायचे.

तोरां बंद झाली. एक वाडगा पेज, सोबत मुगाची उसळ. पावसाळा सरेपर्यंत बाब बारीक झाले नाहीत, पण वजन उतरलं, बीपीही. खाण सुरू झाली त्या सकाळी त्यांचा फोन आला. बोलले काहीच नाहीत, नुसता टिपरचा हॉर्न ऐकवला. मी क्लिनिकमध्ये एकटीच हसत सुटले.

तेव्हापासून मी पेशंटला मीठ किती खाता, असं विचारत नाही. पेजेबरोबर काय घेता, एवढंच विचारते.