कॅनडाला न गेलेली नीलू

शशिकांत फॉर्म घेऊन आला तेव्हा मी भरली वांगी करत होते, त्यामुळे पहिली पाच मिनिटं मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो आमच्या मागच्या अपार्टमेंटमध्ये राहायचा. नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला, हुशार, पण भित्रा इतका की सिग्नल पिवळा होईल या शंकेनेच गाडी थांबवायचा. कुठलाही कागद तीनदा वाचल्याशिवाय सही करायची नाही, हा त्याचा नेम. अमेरिकेत, मिशिगनमधल्या आमच्या नोव्हायमध्ये तो तीन वर्षं होता. बायको संध्या आणि चौदा वर्षांची नीलांबरी येऊन वर्षच झालं होतं. ही गोष्ट २००५ च्या ऑगस्टमधली.

"शुभाताई, नीलूला शाळेत क्रॉस कंट्री करायचंय म्हणते," तो म्हणाला. "आमचं तिघांचंही व्हिसाचं स्टॅम्पिंग संपलंय. पोरगी कंट्री क्रॉस करून गेली आणि परत येऊच दिलं नाही तर?"

आमचे हे, म्हणजे मोरेश्वर, सोफ्यावरून लगेच म्हणाले, "विंडसरला नेत असतील. डेट्रॉइटचा पूल ओलांडला की कॅनडाच. अजिबात पाठवू नकोस." यांनी बावीस वर्षं गाड्यांचे ब्रेक डिझाइन केलेत. थांबवणं हाच यांचा धंदा.

"फॉर्ममध्ये बसने बाहेर नेणार असं लिहिलंय. तीनदा वाचलं मी," शशिकांत म्हणाला.

नीलू दाराशी चपला न काढता उभी होती. ती खाली बघून हळूच म्हणाली, "It's running, Baba. In a park." घरी चार वेळा सांगून झालं होतं म्हणे. दोन इंजिनिअर, एक कागद, आणि पार्कात पळायचं आहे हे एकाच्याही डोक्यात शिरलं नाही. कपाळ माझं. मी त्या दोघांना जे बोलायचं ते बोलून घेतलं.

मग दुसरी चिंता निघाली. तीन मैल पळायचं, आणि तेही हिने? शाळेत एक मैल पळायला तिला पंधरा मिनिटं लागली होती. शशिकांतने तेही बोलून दाखवलं, तिच्यासमोरच.

"तिथे सगळ्यांना घेतात," नीलू मराठीत म्हणाली. "टेनिसवाल्यांनी काढलं, व्हॉलीबॉलवाल्यांनी काढलं. इथे कुणालाच काढत नाहीत."

ती हे इतकं साधेपणाने म्हणाली की मला गलबलून आलं. आणि मला गलबललं की माझी जीभ सुटते. "मी नेईन-आणीन तिला, तू सही कर," म्हणून बसले. संध्याला तेव्हा गाडी येत नव्हती. झालं, पुढचे अडीच महिने रोज संध्याकाळी मी शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये.

पहिल्या दिवशी नीलू पार्किंग लॉटला दोन चकरा मारून गवतावर आडवी झाली. पायात सेलमधून आणलेले जाडजूड चालायचे बूट. कोचबाई उंच, कडक, पण समजूतदार. त्यांनी तिला सांगितलं, "बोलता येईल इतक्याच वेगाने पळ. बोलणं बंद पडलं की समज, जास्त जोरात पळतेयस." आता बोलायचं कुणाशी? बाकीच्या मुली कधीच पुढे गेलेल्या. म्हणून ही पाढे म्हणत पळायला लागली. शशिकांतने तिला तिसापर्यंतचे पाढे लहानपणीच पाठ करून घेतले होते, त्यातला एकोणतिसाचा तिला सगळ्यात अवघड वाटायचा, म्हणून तोच. मी गाडीत काच खाली करून बसले की कुंपणापलीकडून ऐकू यायचं, "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न." मी हसून हसून बेजार. पण सप्टेंबर येईपर्यंत ती दाहेपर्यंत न थांबता पोचली आणि पहिल्यापासून परत सुरू करू लागली.

शर्यतीत मात्र जमेना. पहिल्या दोन शर्यतींत तिच्या कुशीत कळ आली आणि ती अर्ध्यातून बाहेर पडली. दुसऱ्या वेळी गाडीत रडली. मी म्हटलं, "अगं, सोड मग. कुणी जबरदस्ती केलीये?"

"काकू, आमच्याकडे माझ्यासाठी एकदाही फोन आलेला नाही," ती म्हणाली. "वर्ष झालं. शाळेत मला कुणी नावाने ओळखत नाही. इथे निदान कोच ओळखतात."

मी तिला भजी खायला घरी नेलं.

ऑक्टोबरमध्ये तिच्या टीममधल्या सहाव्या मुलीचा पाय मुरगळला आणि पाचच उरल्या. त्या खेळाचा नियम नीलूनेच मला समजावला. पहिल्या पाच मुलींचे नंबर मिळवून टीमचा नंबर काढतात. चारच पोचल्या तर टीम आलीच नव्हती असं धरतात. म्हणजे शेवटच्या शर्यतीत ही पोचली नाही, तर त्या चौघी जीव तोडून पळूनही कागदावर नाहीत. पहिली येण्याची कुणाचीच अपेक्षा नव्हती. हिने पोचायचं, बस.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या घरचा फोन वाजला. संध्याने उचलला. "नीला आहे का?" असं कुणीतरी इंग्रजीत विचारलं. "इथे नीला कुणी नाही, राँग नंबर," म्हणून संध्याने ठेवून दिला. नीलूने जेवणावरून उठून आईकडे असं पाहिलं म्हणे की संध्याचा घास हातातच राहिला. नशीब, फोन परत वाजला. टीममधली केटी होती, तिथे नीलांबरीची नीला झाली होती. उद्या येतेयस ना, एवढंच विचारत होती. नीलू पंधरा मिनिटं बोलली.

शनिवारी पार्कात कडाक्याची थंडी होती. शशिकांत ऑफिसचे बूट घालून आलेला. ब्याण्णव मुली सुटल्या आणि झाडांत दिसेनाशा झाल्या. आम्ही शेवटच्या वळणावर उभे राहिलो. गवतावर चुन्याची पांढरी रेघ मारलेली होती, तिच्या आत फक्त पळणाऱ्या मुली. कोचबाईंनी बजावलं होतं, कुणी हात लावला तर मुलगी बाद.

आमच्या चौघी गेल्या. मग बाकीच्या गेल्या. मग बराच वेळ कुणीच नाही. मग नीलू आली, सगळ्यांच्या मागून, आणि आमच्यापासून दहा पावलांवर कूस धरून थांबली. गुडघे वाकले. शशिकांतचा एक पाय उचलला गेला, आणि रेघेशी तसाच थांबला.

"पळ की गं, बयो," मी ओरडले. "माझे अडीच महिने पाण्यात घालतेस का?" माझी भाषाच अशी. तिने मान वर केली नाही.

शशिकांत ओरडणाऱ्यांतला नाही. हात मागे बांधून, रेघेला बुटाची टोकं लावून, तो नेहमीच्या आवाजात म्हणाला, "एकोणतीस एके?"

त्याने परत विचारलं.

"एकोणतीस," नीलू म्हणाली.

"दुणे?"

"अठ्ठावन्न." एक पाऊल पडलं.

"त्रिक?"

पुढचं उत्तर तिने चालत दिलं, त्यापुढचं पळत. मग ती वळणाआड गेली आणि आम्हाला फक्त त्या चौघींचा "नीला, नीला" असा गलका ऐकू आला. ती ब्याण्णवावी आली. टीमही शेवटचीच आली, पण आली. निकालाच्या फळ्यावर पाचवं नाव तिचं होतं आणि त्या पाचही जणी फळ्यापुढे एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. मी डोळे पुसले. त्यात लाजायचं काय?

थोड्या वेळाने नीलू केटीबरोबर आली. हातात वसंतातल्या ट्रॅक टीमचा फॉर्म होता. शशिकांतने तो गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि खिशातून पेन काढलं.

"अरे, वाच तरी," मी म्हटलं. "कॅनडात नेतील."

"नेऊ देत," तो म्हणाला, आणि सही केली.