डोंगरातले इमू आणि चतुराबाई

धारूरच्या डोंगराखाली आमची वाडी आहे. तिथं चतुराबाईला कुणी शहाणी म्हणत नाही, तोंडाळ म्हणतात. वय साठीचं, वीसेक शेळ्या, पायथ्याला एकरभर हरभरा आणि दम्यानं घरी बसलेला नवरा मुंजाजी. शेळ्यांना ती ज्या शिव्या देते, त्या ऐकून तरणी पोरं रस्ता बदलतात.

दहा-बारा वर्षांपूर्वी, इमू पाळायची हवा होती तेव्हा, आमच्या सुंदररावांनी इमू आणले. तेल खपणार, मांस खपणार, पिसंसुद्धा खपणार म्हणत होते. काहीच खपलं नाही. माणसाएवढी पाखरं टोपलंटोपलं खात उभी राहिली. शेवटी सुंदररावांनी पाच इमू टेम्पोत घालून डोंगरात सोडले. चतुराबाई तिथंच शेळ्या चारत होती. "कुणाला बोलू नको," ते म्हणाले. ती बोलली नाही. गरजही नव्हती, तालुक्यात इमू दुसऱ्या कुणाकडं होते?

गाव त्यांना शामृग म्हणतं. गेल्या साली अकरा झाले. त्यांनी तूर तुडवली, चतुराबाईचा निम्मा हरभरा खाल्ला आणि मोटारसायकलवरच्या दोन पाहुण्यांना बाभळीत घातलं. मग ग्रामसभा बसली. सुंदरराव आता सरपंच होते.

"हे आपल्या देशाचं पाखरू न्हाई," ते म्हणाले. "आपल्या तित्तरांच्या तोंडचं खातंय. गोळ्या घालून मोकळं व्हायचं."

वनरक्षक युवराज घसा खाकरून म्हणाला, "हा पक्षी आमच्या यादीत नाही. मारायची परवानगी देता येत नाही. वाचवायची जबाबदारीही घेता येत नाही."

"मंग तुमी आलाव कावून?" चतुराबाईनं विचारलं.

"चहा प्यायला," मागून कुणीतरी म्हणालं.

चतुराबाई सरपंचाकडं वळली. "परदेशी हायेत तर हितं कसे आले? चालत? का टेम्पोत बसून?"

सभा हसली. सुंदररावांचे कान लाल झाले. "तुझाच हरभरा खाल्लाय की त्यांनी! तरी त्यांचीच वकिली?"

हे तिला लागलं. ती म्हणाली, "वकिली न्हाई. मलाबी लई राग हाय. पर मारायला जाणार कोण? तुमच्या हातनं बैलाचा कासरा धरवत न्हाई, बंदूक काय धरताव? हायेत ते मरूस्तोर राहू द्या. नवे होऊ द्यायचे न्हाईत. अंडी मी उचलते. आन् तुमच्या गोठ्यामागं इमूची जाळी गंजत पडलीय, ती आमच्या रानांला लावा."

सरपंचांना नाही म्हणायला जागाच उरली नाही.

इमूची अंडी नर उबवतो आणि त्याची लाथ बैलासारखी बसते, हे चतुराबाईला पहिल्याच दिवशी कळलं. ती आठवडाभर लंगडली. "शामृगानं लाथ मारली, हे डाक्टरला सांगू कसं?" मुंजाजी खोकत खोकत हसत होता. दुसऱ्या खेपेला तिनं शेळ्या झुडपात घातल्या. नर चिडून त्यांच्या मागं धावला, तेवढ्यात तिनं सात हिरवीगार अंडी पदरात घेतली. एकेक अंडं नारळाएवढं.

लांबून ती बघत राहिली. नर परत आला. रिकाम्या जागेभोवती दोन चकरा मारल्या आणि तिथंच बसला. तिसऱ्या दिवशीही तो बसलेलाच होता. घरी येऊन ती मुंजाजीला म्हणाली, "गोळी बरी होती का रं? एकदाच मरतंय. ह्यो रोज बसतोय."

मुंजाजी म्हणाला, "मंग सोडून दे."

"आन् हरभरा?"

दुसऱ्या दिवशी तिनं पुढचं घरटं उचललं.

एका अंड्याची भुर्जी दहा जणांना पुरते. पारावर ती वाटली गेली, सरपंचांनी दोनदा घेतली आणि मीठ कमी आहे म्हणाले.

यंदा इमू नऊ आहेत, पिल्लू एकही नाही. जाळी लागली, हरभरा बराचसा वाचला. पण एक जोडी डोंगर उतरून पलीकडच्या गावात गेली. तिथून चतुराबाईला बोलावणं आलं.

"येते," ती फोनवर ओरडली, "पर तुमच्या सरपंचाला आधी इचारा, पाखरं मारायचीत का सांभाळायचीत. दोन्ही न्हाई जमत म्हणला, तरच मला बोलवा."