मंडळीचा उद्देश, मार्गे म्हसवड–कुपवाड

माझ्यासारख्या माणसाला चर्चने कामाला बोलवावे, यावरूनच चर्चची परिस्थिती ओळखावी. मी जन्माने ख्रिस्ती आणि सवयीने नाताळपुरता. पोटासाठी आयुष्यभर पुण्यातल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल लिहिले. तोट्याला 'बदलाचा काळ' म्हणावे आणि माणसे काढून टाकली की 'सुटसुटीत रचना' म्हणावे, एवढेच माझे कसब. साताऱ्याच्या एका प्रोटेस्टंट मंडळीच्या (मंडळी म्हणजे एका चर्चचे सभासद) पंच कमिटीला नेमके तेच हवे होते.

माझे मेव्हणे प्रभाकर त्या कमिटीवर आहेत. त्यांचा फोन आला, "दाजी, आम्हाला ध्येयवाक्य पाहिजे. कंपन्यांचं असतं तसं. मंडळीचा उद्देश काय, ते एका वाक्यात. नवीन पाळकसाहेब यायच्या आत भिंतीवर लावायचंय."

मी गंभीर आवाजात म्हणालो, "असं टेबलावर बसून होत नसतं. चार मंडळ्यांत फिरावं लागेल, लोकांना विचारावं लागेल." खरे सांगायचे तर ऑक्टोबरची हवा बरी होती आणि मला घरातून निघायला कारण हवे होते.

सातारा गाठण्याआधी वाईला उतरलो. बस पुढे गेली, छत्री बसमध्येच राहिली. दुसरी बस मिळेपर्यंत घाटावर जाऊन बसलो. कृष्णेला पाणी चांगले होते. शेजारी एक गुरुजी पंचा वाळत घालत होते. त्यांनी विचारले आणि मी माझ्या मोहिमेचे सविस्तर वर्णन केले. गुरुजींनी पंच्याचे टोक नीट ओढून घेतले.

"म्हणजे देवळाचा उद्देश काय, ते देवळातल्या लोकांनाच माहीत नाही?"

"माहीत आहे. पण एका वाक्यात नाही."

"आमच्याकडे बरं आहे," ते म्हणाले. "घाट आहे, पाणी आहे, लोक येतात. विचारत कोणी नाही."

साताऱ्यात पंच कमिटीने चहा, सामोसे आणि एक मसुदा समोर ठेवला. मसुद्यात एकच वाक्य होते, पण ते पानभर होते. त्यात युवक, महिला, वयोवृद्ध, पर्यावरण आणि कंपाउंडची डागडुजी इतके सगळे आले होते. मी दिवसभर त्यातले शब्द कमी केले आणि पंच ते परत घालत राहिले. संध्याकाळी वाक्य दोन ओळींनी वाढलेले होते. मी पुढच्या प्रवासाला निघालो.

माणदेशाकडे जाताना हिरवा रंग हळूहळू मागे पडतो. म्हसवडला उतरलो तेव्हा उजाड माळ आणि वारा. स्टँडवर मला घ्यायला एक निवृत्त सुभेदार आले होते. त्यांनी सलाम ठोकला, हार घातला आणि एका पोराच्या हातून नारळही दिला. सिद्धनाथाच्या देवळावरून पुढे गेल्यावर चार घरांची मंडळी एका पडवीत बसली होती. गाणे झाले, स्वागत झाले. मग लक्षात आले, की त्यांनी मला वरून आलेला साहेब समजले आहे. मी गैरसमज दूर केला नाही. हार ताजा होता.

मी विचारले, "आपल्या मंडळीचा उद्देश काय, असं आपल्याला वाटतं?"

सगळ्यांनी सुभेदारांकडे पाहिले. सुभेदार उभे राहिले. "सायेब, वरनं आदेश काय आलाय?"

"आदेश नाही. तुम्हीच सांगायचं."

"मग आदेश आल्यावर सांगतो," म्हणून ते खाली बसले.

त्यानंतर पाहुण्यांनी प्रार्थना करावी असे ठरले. आमच्या मंडळ्यांत ही रीतच आहे. पुस्तकातून वाचायची नाही, मनातून करायची, मोठ्याने. शाळेनंतर मी ती कधी केली नव्हती. डोळे मिटले आणि माझ्या तोंडून अहवाल बाहेर पडला: "हे प्रभू, गेल्या वर्षातल्या आव्हानात्मक परिस्थितीतही तू जो विश्वास दाखवलास, त्याबद्दल आम्ही तुझे आभारी आहोत, आणि येत्या वर्षातही असेच सहकार्य अपेक्षितो." आमेन मात्र सगळ्यांनी दणक्यात म्हटले. जेवायला बाजरीची भाकरी आणि कोंबडीचे कालवण (झणझणीत रस्सा) होते. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. सुभेदारांच्या पत्नी शेजारणीला म्हणाल्या, "सायेबांस्नी अजून प्रार्थनाच आठवतीया."

म्हसवडहून आटपाडी, विटा, तासगाव असा मोठा वळसा घेत एसटी सांगलीला जाते. माळ संपला, डाळिंबे दिसू लागली. तासगावच्या आसपास द्राक्षबागांची छाटणी चालू होती. सांगली जवळ आली तसा दोन्ही बाजूंना ऊस. हे सगळे मी खिडकीतून पाहत होतो आणि मनात वाक्य जुळवत होतो. जुळत होते तेही सगळे आदेश आल्यावर सांगण्यासारखेच.

कुपवाडचे पाळकसाहेब (मंडळीचे धर्मगुरू) तरुण निघाले. स्टँडवर दुचाकी घेऊन आले होते. औद्योगिक वसाहतीतून, टेंपो आणि ट्रकच्या मधून वाट काढताना मागे वळून ते मला मंडळीची हकीकत सांगत होते, आणि मी त्यांना पुढे बघायची विनंती करत होतो. त्यातून एवढे कळले: मंडळी लहान आहे, बहुतेक कामगार. पत्र्याची एक शेड आहे, तेच चर्च. आणि ईस्टरपासून तिथे प्रभुभोजन झालेले नाही.

प्रभुभोजन म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांनी मिळून भाकर आणि द्राक्षरस घेणे. हे महिन्याच्या पहिल्या रविवारी व्हायलाच हवे. पण त्याला एक अट आहे. ज्यांचा एकमेकांशी अबोला आहे त्यांनी आधी समेट करायचा, मगच त्या मेजाशी यायचे. बहुतेक ठिकाणी ही अट वाचून दाखवतात आणि माणसे शेजारी बसून, एकमेकांकडे न बघता, भाकर घेतात. कुपवाडच्या लोकांनी ती खरी मानली होती. मंडळीतले दोन सख्खे भाऊ, लेथचा वर्कशॉप चालवणारा थोरला योसेफ आणि कारखान्यात फिटर असलेला दाविद, एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांना घेता येत नाही, मग बाकीच्यांनी कशाला घ्यायचे, असे मंडळीने ठरवले होते.

"आणि त्यांची आई?" मी विचारले, कारण या भावांच्या आजारी आईलाच भेटायला निघालो आहोत असे पाळकसाहेब म्हणाले होते.

"सुंदराबाई. त्यांचंच तर सगळं आहे. डॉक्टरांनी हात टेकलेत. मी म्हटलं, आजारी माणसाला घरी येऊन एकट्यालाही देता येतं. तर म्हणतात कशा, 'गोळी हाय व्हय ती, एकटीनं पान्याबरुबर गिळायला? दोन्ही ल्योक शेजारी बसूं देत, मग घीन.' आता देवानं त्यांना तेवढा वेळ द्यावा."

भांडण कशावरून, हे मी विचारणारच होतो, पण समोरून डंपर आला आणि मी डोळे मिटले.

दाविदच्या दोन खोल्यांच्या घरात दिवेलागणीला प्रार्थनासभा भरली. कॉटवर सुंदराबाई उशीला टेकून बसल्या होत्या. देह चिमणीएवढा, पण नजर शाबूत. दाविद कॉटच्या पायथ्याशी. योसेफ दाराजवळ, घराच्या आत आणि बाहेर सारखाच मावेल असा. मंडळी सतरंजीवर. दाराला लागूनच असलेल्या दुसऱ्या खोलीत गॅसवर पाहुण्यांसाठी, म्हणजे माझ्यासाठी, कालवण ठेवलेले होते. गाणे झाल्यावर पाळकसाहेबांनी माझी ओळख करून दिली. मी घसा साफ केला.

"मला आपल्याकडून फक्त एवढंच समजून घ्यायचं आहे," मी गोड हसत म्हणालो, "की आपल्या मंडळीचा उद्देश काय?"

पाळकसाहेबांनी कपाळाला हात लावला. दोन्ही भावांत ईस्टरपासून जो अबोला होता तो नेमका याच प्रश्नावरून होता, हे मला सोडून खोलीतल्या सगळ्यांना माहीत होते.

"प्रार्थना करूया," योसेफ म्हणाला. सगळ्यांनी डोळे मिटले.

प्रार्थना करणाऱ्याला कोणी मध्येच तोडत नाही, हा आमच्यातला दुसरा नियम. एकमेकांशी न बोलणाऱ्या माणसांना तो फार सोयीचा पडतो.

"हे आमच्या सोर्गातल्या बापा," योसेफने सुरुवात केली, "तुझं मंदिर रस्त्यावनं वळखाय येत न्हाई. परवा टेंपोवाला गोडाऊन समजून सिमिटाची पोती उतरून गेला. एक कमान असती, वर तुझं नाव असतं, तर ही येळ आली नसती. पर काही जनांस्नी तुझ्या नावाची लाज वाटत न्हाई. त्यास्नी क्षमा कर. आमेन."

आमेन विरायच्या आत दाविद सुरू झाला. "प्रभू येशू, तू गोठ्यात जलमलास. त्या गोठ्याला कमान व्हती का न्हवती, तूच जानतोस. हितं दुपारच्याला कंत्राटी पोरं गटाराच्या कडंला बसून डबा खात्यात आन् तुझी शेड हप्ताभर कुलपात. त्यास्नी सावलीला बसाय उघडली तर तुझं काय झिजतंय? चावी कुनाच्या खिशात हाय, त्ये बी तुला ठावं हाय. आमेन."

"बापा," योसेफ म्हणाला, "शेडीत पेटी हाय, तबला हाय, सतरंज्या हायत. चोरीला गेल्या तर कोन भरून देनार, त्याचं नाव मला आत्ताच सांग."

भिंतीकडची एक बाई दोन्ही बाजूंना सारख्याच निष्ठेने "व्हय प्रभू" म्हणत होती. मी मनातल्या मनात माझी बॅग कुठे ठेवली आहे ते आठवत होतो.

तेवढ्यात कॉटवरून आवाज आला. बारीक, पण कुणाला थांबायला लावणारा.

"देवा, मी सुंदरा. मला तू दोन ल्योक दिलंस. एकाला कमान पायजे, एकाला सावली पायजे. मला काय बी बांधाय नगं. ह्या दोघांच्या मधी बसून तुझी भाकर खायाची हाय, एकदा. मला आता लय दिस न्हाईत, त्ये तुला ठावं हाय, डाक्टरला ठावं हाय, ह्यास्नीच ठावं न्हाई. ही दोघं तुझ्याशी लय बोलत्यात. त्यास्नी म्हनावं, जरा एकमेकांशी बोला. त्ये बोलंस्तवर मी आमेन म्हननार न्हाई."

आणि त्या गप्प झाल्या.

आमेन झाल्याशिवाय डोळे उघडायचे नाहीत, उठायचे तर मुळीच नाही. सगळे तसेच बसून राहिले. बाहेरून ट्रक गेला. कुणीतरी खोकले. आतून आधी छान आणि मग जरा जास्तच खरपूस वास येऊ लागला. दाविदची बायको डोळे मिटून ओठ चावत होती, हे मला दिसले, कारण मी संशयवादी आहे आणि किलकिल्या डोळ्यांचा मला लहानपणापासून सराव आहे. दाराकडे पाहिले तर योसेफचेही डोळे उघडे. आमची नजरानजर झाली आणि दोघांनीही घाईने मिटून घेतले. वास आता धुराचा झाला.

"दाव्या," योसेफ म्हणाला, "ग्यास बंद कर. कालवण करपालंय."

"तूच कर की, दादा," दाविद म्हणाला. "तू जवळ हाईस."

योसेफ उठला, आत गेला. बटण फिरवल्याचा आवाज आला.

"आमेन," सुंदराबाई म्हणाल्या.

रात्री आम्ही करपलेले कालवण खाल्ले. सुंदराबाईंनी वरचा रस्सा तेवढा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी रविवार. दोन्ही भावांनी आईला प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून शेडीत आणले. योसेफ "डावीकडनं, डावीकडनं" म्हणत होता आणि दाविद "मला दिसतंय" म्हणत होता. खुर्ची दोघांच्या मध्ये ठेवली. ताट आले तेव्हा सुंदराबाईंचा हात भाकरीपर्यंत पोचत नव्हता. योसेफने मनगट धरले, दाविदने पेला ओठांशी नेला, आणि थोडा रस पदरावर सांडला. त्यावरून दोघांनी एकमेकांकडे रागाने पाहिले. पाहिले, हे महत्त्वाचे.

मग ताट माझ्यापर्यंत आले. माझा अबोला होता तो थेट देवाशीच, आणि त्याबद्दल नियम काय, हे विचारायचे राहिले होते. मी घुटमळलो. काल "व्हय प्रभू" म्हणणाऱ्या बाईने कोपराने ढोसले. "घ्या की वो, म्होरं मान्सं हायत." मी घेतले आणि ताट पुढे सरकवले.

परतताना दाविदने मला दुचाकीवरून स्टँडवर सोडले.

"मिटलं म्हणायचं एकदाचं," मी म्हणालो.

"कशाचं मिटतंय!" तो म्हणाला. "कमान मी हू देनार न्हाई. पर आता तोंडावर भांडतो. देवाला मधी घालत न्हाई."

साताऱ्याला मी पंच कमिटीसमोर ही सगळी हकीकत सांगितली. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतली. शेवटी प्रभाकर म्हणाले, "दाजी, गोष्ट चांगलीय. पण भिंतीवर मावायची नाही." मग कमिटीने आपसांत चर्चा करून 'प्रीती, सेवा, साक्ष' असे तीन शब्द ठरवले, मला शाल आणि नारळ दिला, आणि मार्गदर्शनाबद्दल आभार मानले. माझे मार्गदर्शन त्या तिन्ही शब्दांत कुठेही नव्हते. म्हणूनच ते शब्द बरे झाले असावेत.

पुण्यात परत आल्यावर बायकोने विचारले, "मग, काय निघाला उद्देश?" अहवाल लिहिणाऱ्याची सवय अशी, की गोष्ट घडत असतानाही तो तिच्यावर घालायचे मथळे शोधत असतो. कुपवाडला मला मथळा सुचला नाही. मी नुसता बसून राहिलो होतो, जेवण करपत होते, आणि पंधरा-वीस माणसे दोन भावांनी एक वाक्य बोलावे म्हणून डोळे मिटून थांबली होती. भाकर त्यांच्यासाठी महिनोन्‌महिने अडली होती आणि कुणी तक्रार केली नव्हती. याला उद्देश म्हणतात की नाही, मला ठाऊक नाही. माझ्या जुन्या कंपन्यांपैकी एकीनेही कुणासाठी इतके थांबलेले मी पाहिले नाही.

नाताळच्या आधी न राहवून मी दाविदला फोन केला. सुंदराबाई कशा आहेत ते विचारले.

"हाय की. डाक्टर बी चक्रावलाय. शेड दुपारची उघडतो आता, चावी दादाच आनून देतो."

"आणि कमान?"

"आई म्हनती, कमान बघितल्याबिगर मी मरत न्हाई."

"मग?"

"मग काय," दाविद म्हणाला, "दादानं कमानीचं नावच सोडलंय."