शिल्लकमामा

आमच्या पंपांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणाऱ्याला सगळे शिल्लकमामा म्हणत. काहीही मागा, मामा आधी कपाळाला आठ्या घालणार, "संपलं, जा" म्हणून हाकलणार आणि मग कुठूनतरी काढून देणार. मी जुळणीचा सुपरवायझर. सव्वीस वर्षांत माझी लाइन त्यांनी अडू दिली नाही.

मग नवे साहेब आले आणि साठा कमी करायचं खूळ घेऊन आले. रबरी रिंगांच्या प्रत्येक पेटीला एक कार्ड. पेटी रिकामी झाली की कार्ड पुरवठादाराकडे जाणार आणि तेवढीच एक पेटी येणार. अशी बारा कार्डं होती. दर महिन्याला दोन कार्डं कमी करायची, म्हणजे तेवढा साठा कमी. माल कमी पडून लाइन अडली की कार्डं कमी करणं थांबवायचं. वाईट काहीच नव्हतं त्यात. घोडं पेंड खात होतं ते मामांच्या स्वभावापाशी.

दहा कार्डांवर आलो आणि पुरवठादाराची गाडी उशिरा आली. मामांनी टेबलाखालच्या डब्यातून, कुठल्याच नोंदीत नसलेल्या रिंगा काढल्या. "घे, आणि गावभर बोंबलू नकोस." आठवर तेच, सहावर तेच. मीही घेत गेलो. साहेबांना दिसत होतं एवढंच, की लाइन काही अडत नाही. चार कार्डांवर ते खुशीत म्हणाले, "आता स्टोअर तरी कशाला हवं? माल थेट लाइनवर येऊ दे."

तेव्हा मामांच्या ध्यानात आलं. स्वतःचं स्टोअर त्यांनी स्वतःच बिनकामाचं ठरवलं होतं. निवृत्तीला दोन वर्षं बाकी, घरी मामी अंथरुणाला खिळलेल्या. ते तडक साहेबांकडे गेले आणि डब्याचं सगळं सांगून बसले. साहेबांनी कार्डं वाढवली नाहीत. माल दडवल्याची चौकशी लावली.

रिंगा बाहेर गेल्या नाहीत, लाइनलाच मिळाल्या, एवढं मी सांगितलं असतं तर मामा सुटले असते. पण लाइनच्या नोंदवहीत रोज माझ्याच अक्षरात होतं, 'मालाची अडचण नाही.' खोटं लिहिलं म्हणून माझीही नोकरी गेली असती.

"मामांनी नोंदीबाहेरच्या रिंगा तुम्हाला कधी दिल्या होत्या का?" साहेबांनी विचारलं.

मामा समोरच बसले होते. माझी लाज वाटते मला. मी म्हणालो, "नाही साहेब."

मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांना म्हणाले, "बरोबर आहे. त्याला काही माहीत नव्हतं."