डाव्या हाताची गिटार

मी डावखुरी आहे हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त कोणी ते मान्य केलेलं नव्हतं. पैठणजवळच्या आमच्या गावी मी पहिलीत गेले तेव्हा आईनं माझ्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात दिली. पेन्सिल पुन्हा डावीकडं गेली की हातावर फटका बसायचा. जेवतानाही तेच. त्यात आईचा दुष्टावा नव्हता, पोरीचं पुढं कसं व्हायचं ही तिची काळजी होती. मी शिकले. आज मी शहरात, गारखेड्यातल्या एका शाळेत गणित शिकवते आणि फळ्यावर उजव्या हातानं लिहिते, पण वर्तुळ काढायची वेळ आली की खडू आपोआप डाव्या हातात जातो. मुलं हसतात. मीही हसते आणि त्यांना दोन उदाहरणं जास्तीची घालते.

एक्कावन्नाव्या वर्षी मला गिटार शिकावीशी वाटली. स्नेहसंमेलनात एका मुलीनं वाजवली आणि पहिल्या रांगेत बसल्या बसल्या माझी बोटं मांडीवर हलायला लागली. डाव्या हाताची. मी दुसऱ्याच दिवशी क्लास गाठला. तिथले तरुण सर म्हणाले, "मॅडम, उजव्या हातानंच सुरुवात करा. सगळे तसंच शिकतात." हे वाक्य मी जन्मभर ऐकत आले होते. तिथून उठले ती थेट औरंगपुऱ्यात, एका वाद्यांच्या दुकानात.

डावखुऱ्यांची गिटार तिथं नव्हती. दुकानदार मात्र भला माणूस होता. साध्या गिटारीला तारा उलट्या लावून दिल्या तरी सूर नीट का लागत नाही, ते त्यानं मला गिऱ्हाइकांची गर्दी थांबवून दाखवलं. तारा ज्या घोडीवरून जातात तिच्यावर एक पांढरी पट्टी असते आणि ती किंचित तिरकी असते. जाड तारेकडं मागं, बारीक तारेकडं पुढं. तारांची अदलाबदल केली की तिरकेपणही उलटं हवं. दोन-तीन मिलिमीटरचा प्रश्न, पण तेवढ्यानं वर वाजवलेला प्रत्येक सूर बिघडतो. गणिताच्या बाईला हे पटायला वेळ लागला नाही.

घरी येऊन मी जाहीर केलं की गिटार मी स्वतःच बनवणार. माझा नवरा सरकारी कचेरीतून नुकताच निवृत्त झालेला, स्वभावानं शांत. तो म्हणाला, "अगं, आपल्याकडं कॅलेंडरचा खिळा ठोकायलाही शेजारच्यांना बोलवावं लागतं." ते खरंच होतं. आई आता आमच्याकडंच राहते. ती शेंगा सोलता सोलता म्हणाली, "उजव्या हातानं वाजव की. त्येच्यासाठी एवढा आटापिटा कशाला?" बस. आता माघार घेणं शक्यच नव्हतं. आयुष्यात एक तरी गोष्ट मला डाव्या हातानं करायची होती, चोरून नाही तर सगळ्यांसमोर, आणि त्या हातासाठीच केलेल्या वस्तूवर.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तशी मी लाकडाचा पत्ता नसताना तारांचा जुडगा आणि खुंट्या घेऊन आले होते. लाकडासाठी चाचांकडं गेले. चाचा म्हणजे आमच्या घराचे दरवाजे आणि पलंग करणारे सुतार, जुन्या शहरात त्यांचं दुकान आहे. त्यांनी मोबाईलमधला आराखडा दोनदा मोठा करून पाहिला. "मॅडम, पाट बनाओ, देव्हारा बनाओ. ये कायकू?" असं म्हणत म्हणतच ते उठले, मोडलेल्या दरवाजांच्या चौकटी उपसायला लागले आणि एकेक सागवानी तुकडा कानाशी धरून बोटाच्या पेरानं वाजवायला लागले. चौथ्या तुकड्याला थांबले. "हौ. ये बोलता है." मानेसाठी तो तुकडा ठरला. बाजूंसाठी त्यांनी यंत्रावर दोन मिलिमीटरच्या पट्ट्या कापून दिल्या. पुढचा-मागचा भाग साध्या पातळ प्लायचा.

माझी हत्यारं सांगितली तर खऱ्या कारागिराला चक्कर येईल. एक करवत, एक पटाशी, दोन कानशी, पॉलिश पेपर आणि पांढऱ्या सरसाचा डबा. चिकटवलेलं दाबून धरायला कपड्यांचे चिमटे, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या आणि वरून आमच्या पाट्याचा वरवंटा. चटण्या महिनाभर मिक्सरमध्ये झाल्या आणि आईनं त्यांना रोज नावं ठेवली.

बाजू वाकवणं हे सगळ्यात अवघड. पट्ट्या रात्रभर बादलीत भिजवायच्या, गॅसवर लोखंडी नळी तापवायची आणि ओली पट्टी तिच्यावर दाबत दाबत कमरेचा आकार आणायचा. पहिली पट्टी कडकन मोडली. दुसरीही. माझा पारा नळीपेक्षा जास्त तापला. मी दोन तुकडे खिडकीतून खाली फेकले आणि नंतर गुपचूप जाऊन उचलून आणले, कारण त्यातला एक कामाचा होता. तिसऱ्या वेळी मी पट्टी डाव्या हातात धरली आणि उजव्या हातानं नुसता आधार दिला. लाकूड मऊ झाल्याचं डाव्या हाताला आधी कळलं. पट्टी वळली. ओल्या सागवानाचा वास स्वयंपाकघरभर पसरला होता, मी घामानं निथळत होते आणि आई दारातून म्हणत होती, "झाल्या का तुझ्या पोळ्या? मला चहा टाकायचाय." इतका आनंद मला बीएडचा निकाल लागला तेव्हाही झाला नव्हता.

मानेवरच्या पडद्यांचं, म्हणजे बोटं टेकवायच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांचं गणित तर माझ्या घरचं कार्य. तारेच्या लांबीला सतरा पूर्णांक आठशे सतरा सहस्रांशानं भागायचं, तिथं पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्यानं भागायचं, तिथं दुसरा. असे वीस. मी ते उदाहरण नववीच्या वर्गालाही घातलं. बारावा पडदा बरोबर अर्ध्यावर येतो हे कळल्यावर मागच्या बाकावरची मुलंही दोन मिनिटं गप्प बसली.

आता नवऱ्याची एक सवय सांगायला हवी. लग्न झाल्यापासून हा माणूस कधी काही न बोलता घर माझ्या बाजूनं लावत आला आहे. माझ्या कपाचा कान डावीकडं ठेवतो. गॅसचं लायटर डावीकडं टांगतो. माझ्यासमोर कात्री ठेवली तरी फिरवून ठेवतो. मी याबद्दल त्याचे कधी आभार मानले नाहीत आणि त्यानंही कधी बोलून दाखवलं नाही.

पांढरी पट्टी बसवायची घोडीवरची तिरकी खाच मी बटरपेपरवर काढली होती. आराखडा उजव्या हाताचा, म्हणून कागद पालथा करून डाव्या हाताची करून घेतली. ज्या दिवशी घोडी करून चिकटवायची, त्या दिवशी मला परीक्षेची ड्युटी लागली. नवरा म्हणाला, "मी करतो. एवढं तरी मला करू दे." मी कागद त्याच्या हातात दिला आणि गेले. संध्याकाळी आले तर घोडी जागेवर होती, वर वरवंटा होता आणि नवरा बक्षीस मिळाल्यासारखा उभा होता. "अगदी कागदाप्रमाणं," तो म्हणाला.

चार दिवसांनी मी तारा चढवल्या. मोकळ्या तारा सुरात लागल्या तेव्हा मी आईला हाक मारून बोलावलं. मग पडद्यांवर बोटं ठेवत वर गेले आणि सगळं फसलं. जाड तारा चढ्या बोलत होत्या, बारीक तारा उतरत होत्या. मला वाटलं माझं गणित चुकलं. दोन दिवस मी वीसही पडदे पुन्हा मोजले, तारांना शिव्या दिल्या, मोजायच्या स्टीलच्या पट्टीला दिल्या. नवरा पेपरमागून म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं." मी त्याच्याशी त्या दिवशी बोलले नाही.

शेवटी गिटार स्कूटीवर दोघांच्या मध्ये धरून आम्ही चाचांकडं गेलो. त्यांनी ती आडवी धरली, एक डोळा मिटला आणि लगेच खाली ठेवली. "मॅडम, ये घोडी तो सीधे हात की है."

"उजव्या हाताची? शक्यच नाही," मी म्हटलं. "मी कागद उलटा करून काढली होती."

नवरा हळूच म्हणाला, "मी पण केला ना उलटा. म्हटलं, तू डावखुरी. तू विसरली असशील."

बटरपेपर दोन्हीकडून सारखाच दिसतो. चाचा इतके हसले की त्यांना हातातला चहा खाली ठेवावा लागला. मलाही हसू आलं, कारण रागवायचं कोणावर? पण मग ते म्हणाले, "तारां पलटा देता हूं, गर्दन के ऊपर की पट्टी बदल देता हूं, सीधे हात से बजाओ. एक घंटे का काम. घोडी उखाडने गए तो ऊपर का पाटिया फटेगा. नक्को करो."

नवरा म्हणाला, "चालेल ना तुला? इतकी छान झालीये." त्याचा चेहरा पडला होता. घरी आल्यावर आईनंही तेच सांगितलं. सगळे मायेनंच सांगत होते आणि सगळ्यांचं म्हणणं शहाणपणाचं होतं. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि तिथंच थोडी रडले. गिटार फाटली असती तरी मला एवढं वाईट वाटलं नसतं. ती उजव्या हाताची होऊन घरात राहिली असती तर रोज वाईट वाटलं असतं. मी बाहेर आले आणि इस्त्री तापत ठेवली.

युक्ती साधी होती. घोडीवर ओलं फडकं, त्यावर इस्त्री, सरस मऊ झाला की पातळ पातं खाली सारायचं. नवऱ्यानं फडकी भिजवून द्यायचं काम घेतलं. मी स्वयंपाकघरातलं स्टीलचं उलथनं घेतलं आणि घोडीच्या मधोमध घुसवलं. कर्रकन आवाज आला. प्लायचा नखाएवढा पापुद्रा उचलला गेला.

"थांब," आई म्हणाली. ती कधी शेजारी येऊन बसली होती ते मला कळलंच नव्हतं. तिनं उलथनं माझ्या हातातून काढून घेतलं. "थालीपीठ कधी नीट काढलंस का तू? कायम मधात घुसतीस. कडंनं घ्यायचं. सुटत नाय तवर वढायचं नाय."

ऐंशीची माझी आई मांडी घालून बसली आणि घोडीच्या कडेनं उलथन्याची धार फिरवायला लागली. एक वेढा, मग थांबणं. मी इस्त्री टेकवायची, नवरा फडकं बदलायचा, ती पुन्हा एक वेढा घ्यायची. घाई नाही, जोर नाही. मी दोनदा "आता ओढू का?" विचारलं आणि दोनदा "नाय" ऐकलं. पाऊण तासानं घोडी आपोआप सरकली आणि आईच्या हातात आली. खालचं प्लाय जवळपास कोरं होतं. तिनं घोडी उलटसुलट करून पाहिली, "लई चिवट होती," म्हणाली आणि कंबर धरून उठली.

नवी घोडी मी केली. नवऱ्यानं कागदावर चारही कोपऱ्यांत लाल पेननं 'वरची बाजू' असं लिहिलं आणि खाली सही केली, कचेरीतली सवय. पटाशी डाव्या हातात धरून मी खाच काढली. आठवडाभर थांबून तारा चढवल्या.

रविवारची सकाळ होती. मी गॅलरीतल्या खुर्चीत बसले, मान उजव्या हातात घेतली आणि डाव्या हाताची बोटं तारांवर ठेवली. गाणं मला एकही येत नव्हतं. सा रे ग म वाजवलं, वर गेले, खाली आले. बाराव्या पडद्यावरचा 'सा'सुद्धा 'सा'च होता. आवाज काही मोठा नव्हता, वरची तार थोडी खरखरत होती, पापुद्रा उचललेली जागा घोडीच्या कडेला दिसत होती. मी पुन्हा वाजवलं. मग पुन्हा. नवरा खाली मान घालून ऐकत होता, आणि मी त्याला पंचवीस वर्षांत पहिल्यांदा म्हटलं की कपाचा कान रोज डावीकडं असतो ते मला माहीत आहे.

आई आत गेली आणि मुठीत साखर घेऊन आली. घरात काही चांगलं झालं की ती हातावर साखर देते, पेढ्यांची वाट बघत नाही. मी सवयीनं गिटारीची मान सोडून उजवा हात पुढं केला.

"तो राहू दे, पडंल ते," ती म्हणाली. मग खाली वाकून तिनं तारांवरचा माझा डावा हात उचलला, तळवा उलटा केला आणि त्यावर साखर ठेवली. "केलंय ह्यानं. साखरबी ह्यालाच."

मी त्याच हातानं साखर तोंडात टाकली. आई समोर उभी राहून बघत होती.